नवा करार इतिहास म्हणून कसा तपासावा

“बायबल खरे आहे का हो?” असे कोणी विचारले की मी उलट विचारतो, “कोणते पान?” ही उत्तर टाळायची युक्ती नव्हे. नवा करार हे एक पुस्तक नाही, २७ लहानमोठ्या लेखांचे गाठोडे आहे. त्यात पत्रे आहेत, चरित्रे आहेत, प्रवासांचा वृत्तान्त आहे, शेवटी एक गूढ दृष्टान्तग्रंथही आहे. अख्ख्या गाठोड्यावर ‘खरे’ किंवा ‘खोटे’ अशी एकच चिठ्ठी डकवता येत नाही. तपासायचे असते ते एकेक विधान.

मराठी वाचकाला हे पटवायला फार लांब जावे लागत नाही. शिवकालाबद्दल बोलताना आपण समकालीन पत्र, सभासदाची बखर आणि चिटणिसाची बखर एकाच तराजूत घालत नाही. पत्र त्या दिवसाचे. सभासद महाराजांच्या पदरी होता, पण लिहायला बसला महाराज गेल्यावर पंधरा-सतरा वर्षांनी. चिटणिसाने लिहिले ते तर शतक उलटून गेल्यावर. म्हणून बखरी कोणी नदीत सोडत नाही. फक्त कोणाचा शब्द कुठवर धरायचा, हे ठरवून वाचतो. नवा करार वाचायचीही हीच रीत आहे. बसायच्या आधी पवित्र शास्त्राची मराठी प्रत (जमल्यास दोन वेगळी भाषांतरे), एक वही आणि दोन रंगीत पेन्सिली जवळ घ्या.

पायरी १ : आधी कागद, मग बखर

छापील नव्या करारात चार शुभवर्तमाने, म्हणजे येशूची चरित्रे (मत्तय, मार्क, लूक, योहान), आधी येतात आणि सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रे नंतर. लिहिली गेली मात्र उलट्या क्रमाने. पौलाची पत्रे साधारण इ.स. ५० ते ६० या दशकातली, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांतली. त्याच्या नावावर १३ पत्रे आहेत. त्यांतली सात त्याचीच याबद्दल अभ्यासकांत जवळजवळ वाद नाही : रोमकरांस, करिंथकरांस पहिले आणि दुसरे, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिले आणि फिलेमोनाला. सुरुवात या सातांपासून करा. उरलेल्या सहांवर वाद आहे; तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेली तिन्ही पत्रे तर बहुतेक अभ्यासक पौलानंतरची मानतात.

हा काळ ठरला कसा? नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक १८:१२ मध्ये (अध्याय १८, वचन १२) म्हणते की करिंथ शहरात पौलाला गल्लियो नावाच्या सुभेदारासमोर उभे केले. ग्रीसमध्ये डेल्फी येथे सम्राट क्लॉडियसच्या पत्राचा कोरीव लेख तुकड्यातुकड्यांनी सापडला. त्यात याच गल्लियोचे नाव आहे आणि त्यावरून त्याचा कारभार इ.स. ५१-५२ च्या सुमारास बसतो. पौलाच्या सगळ्या कालगणनेची खुंटी ती हीच.

आता गलतीकरांस १:१८-२० उघडा. पौल म्हणतो, मी यरुशलेमला जाऊन केफाकडे, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे, पंधरा दिवस राहिलो. प्रभूचा भाऊ याकोब सोडून दुसरा कोणी प्रेषित मला दिसला नाही. देवासमोर सांगतो, हे खोटे नाही. हे वाक्य तो का लिहितो ते बघा. त्याचे विरोधक म्हणत होते की याचे सगळे ज्ञान यरुशलेमच्या मंडळींकडून उसने घेतलेले आहे. ही भेट जितकी लहान दाखवता येईल तितकी त्याला हवी आहे. तरी ती नाकारता येत नाही, म्हणून तो दिवस मोजून देतो. नाइलाजाने दिलेली कबुली कोर्टातही वजनदार असते. येशू नावाचा माणूस झालाच नाही म्हणणाऱ्यांची गाडी इथे अडते, कारण त्याच्या सख्ख्या नात्यातल्या माणसाला भेटलेला लेखक आपल्यासमोर स्वतः बोलतो आहे.

पण हाच पौल येशूच्या आयुष्याबद्दल किती कमी सांगतो, तेही वहीत उतरवा. दावीदाच्या वंशातला जन्म, भाऊ, धरून दिले त्या रात्रीची भाकर आणि प्याला, वधस्तंभ, दफन. बेथलेहेम नाही, आईचे नाव नाही, चांगल्या शोमरोन्याचा किंवा उधळ्या पुत्राचा दाखला नाही.

पायरी २ : बखर कोणाची, कधीची

‘मत्तयकृत’, ‘मार्ककृत’ ही शीर्षके आहेत. मजकुरात लेखक आपले नाव कुठेच सांगत नाही. चारही शुभवर्तमानांची नावे एकत्र आणि स्पष्ट घेणारा पहिला लेखक म्हणजे बिशप आयरेनियस, इ.स. १८० च्या सुमाराचा. लूक तर पहिल्याच चार ओळींत सांगून टाकतो की हा वृत्तान्त आधी पुष्कळांनी लिहिला आहे, मूळ साक्षीदारांनी आमच्या हाती दिला आहे आणि मी तो शोध घेऊन क्रमवार लावतो. म्हणजे लूक स्वतः पाहणारा नाही, आणि ते लपवतही नाही. मला हा माणूस या एका कारणासाठी आवडतो.

काळ ठरवताना मार्क १३:१४ आणि लूक २१:२० शेजारी ठेवा. मार्कमध्ये ‘ओसाडीचा अमंगळ पदार्थ’ असे कोड्यात बोलणे आहे. त्याच जागी लूकमध्ये ‘यरुशलेमेला सैन्यांचा वेढा पडलेला पाहाल’ असे सरळ आहे. रोमन सैन्याने इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर जाळले. लूकने ते ऐकून लिहिले, मार्क त्या धामधुमीच्या आगेमागे लिहीत होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यावरून मार्क ७० च्या आसपास, मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी आणि योहान पहिल्या शतकाच्या अखेरीस, असा अंदाज बांधला जातो. इथे घाईने एक चूक होते : मंदिर पडेल असे भाकीत दिसले की ते पडल्यानंतरच लिहिले असणार, असे धरून चालतात. यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो की युद्धाच्या चार वर्षे आधी अनन्याचा मुलगा येशू, हा वेगळाच एक येशू, शहराचा घात होणार म्हणून ओरडत रस्तोरस्ती फिरत होता. भाकिते लोक करतात. त्यामुळे पुरावा भाकितात नाही, मार्कचे वाक्य लूकने बदलले त्या बदलात आहे.

पायरी ३ : हातातला पाठ मूळचा का?

नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या ५,७०० च्या वर सांगतात. हा आकडा ऐकून दोन्ही बाजूंचे लोक उगाच हुरळतात. एक म्हणतो, बघा किती पुरावा! दुसरा म्हणतो, बघा किती लाख पाठभेद! त्यांतल्या बहुसंख्य पोथ्या नवव्या शतकानंतरच्या आहेत, आणि बहुसंख्य पाठभेद शुद्धलेखनाचे किंवा शब्द मागेपुढे झाल्याचे आहेत. शिवाय भरपूर प्रती असल्या तर मूळ मजकूर काय होता हे कळायला मदत होते. मजकुरात सांगितलेली घटना घडली का, हे त्यावरून कळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत इतकी सर्रास होते की वहीच्या पहिल्याच पानावर हे लिहून ठेवा.

मँचेस्टरच्या राइलँड्स ग्रंथालयात पपायरसचा (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा) एक तुकडा आहे, पी ५२. जेमतेम नऊ सेंटीमीटर उंच, तळहातात मावेल एवढा. पुढे-मागे योहान १८ मधल्या काही तुटक ओळी, येशू आणि रोमन सुभेदार पिलात यांच्या संवादातल्या. नव्या कराराचा हाती असलेला सर्वांत जुना तुकडा म्हणून तो दाखवतात आणि बऱ्याचदा ‘इ.स. १२५’ असे ठणकावून सांगतात. ती तारीख फक्त अक्षराच्या वळणावरून काढलेली आहे. वळणावरून वर्ष निघत नाही, फार तर पन्नास-शंभर वर्षांचा पट्टा निघतो. ‘दुसरे शतक, कदाचित तिसऱ्याची सुरुवात’ इतकेच म्हणावे. अख्खा नवा करार ज्यात आहे अशी जुन्यात जुनी पोथी सिनायच्या मठातली, चौथ्या शतकातली. तिचा मोठा भाग आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

वाचताना तीन जागा स्वतः तपासा. मार्क १६:९-२० सिनायच्या आणि व्हॅटिकनच्या जुन्या पोथ्यांत नाही. तिथे मार्क ‘कारण त्या भ्याल्या होत्या’ यावरच थांबतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट (योहान ७:५३-८:११) या दोन्ही पोथ्यांत नाही, आणि काही पोथ्यांत ती चक्क लूकमध्ये शिरलेली आहे. ‘ज्याने पाप केले नाही त्याने पहिला दगड टाकावा’ हे सर्वांच्या तोंडी असलेले वाक्य अशा भटक्या परिच्छेदातले आहे. तिसरी जागा योहानाचे पहिले पत्र ५:७, जिथे स्वर्गातल्या तीन साक्षींचे वाक्य लॅटिन परंपरेतून आत आले. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतले नव्हते, १५२२ च्या आवृत्तीत घेतले. आधुनिक भाषांतरे या जागी कंस किंवा तळटीप देतात. तुमच्या प्रतीत काय आहे ते बघा. प्रतीची पारखही त्यावरून होते.

यात दचकण्यासारखे काही नाही. नाथमहाराजांना १५८४ मध्ये ज्ञानेश्वरी प्रतिशुद्ध करायला बसावे लागले ते अशाच घुसखोरीमुळे. वर त्यांनी बजावूनही ठेवले की या ग्रंथात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो. नव्या करारातही नरोट्या आहेत. फरक एवढाच की जुन्या पोथ्या हाती असल्यामुळे बऱ्याच ओळखता येतात.

पायरी ४ : पेन्सिली बाहेर काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. येशूच्या बाप्तिस्म्याचा (वसईकडचे कॅथलिक याला स्नानसंस्कार म्हणतात) प्रसंग चारही ठिकाणी काढा : मार्क १:४-११, मत्तय ३:१-१७, लूक ३:३-२२, योहान १:२९-३४. शब्दशः सारखे दिसेल तिथे निळी रेघ, बदलले असेल तिथे लाल.

मार्क सरळ सांगतो. योहान बाप्तिस्मा देणारा ‘पापांच्या क्षमेसाठी’ बाप्तिस्मा देत होता. येशू नासरेथहून आला आणि त्याने तो घेतला. एवढेच. पण यात एक कुसळ आहे. गुरूकडून शिष्य दीक्षा घेतो, शिष्याकडून गुरू नाही. आणि निष्पाप माणसाला पापक्षमेचा विधी कशाला?

मत्तयला हे कुसळ टोचले. त्याच्याकडे योहान आधी नकार देतो, ‘मीच तुमच्याकडून घ्यायला हवा’ अशा अर्थाचे बोलतो, आणि येशू त्याची समजूत घालतो. हा संवाद मार्कमध्ये नाही. पुढे बघा, ‘पापांच्या क्षमेसाठी’ हे शब्द मत्तयने योहानाच्या बाप्तिस्म्यावरून काढले आहेत. ते सापडतात २६:२८ मध्ये, शेवटच्या भोजनाच्या प्याल्यापाशी. लूक आणखी चतुर. तो ३:२० मध्ये योहानाला तुरुंगात टाकून देतो आणि नंतर ३:२१ मध्ये येशूचा बाप्तिस्मा झाल्याचे सांगतो; कोणी दिला ते सांगतच नाही. चौथ्या शुभवर्तमानात योहान साक्ष देतो, आत्मा कबुतरासारखा उतरलेला पाहिल्याचे सांगतो, पण बाप्तिस्म्याचा प्रसंगच गाळलेला आहे.

पानावरची लाल रेघ एकाच दिशेने वाढत जाते. त्यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, जी गोष्ट सांगताना पुढचे सगळे अवघडले ती कोणी मुद्दाम रचली असेल असे वाटत नाही. येशूने योहानाकडून बाप्तिस्मा घेतला हे बहुधा पक्के. दोन, मत्तयमधला संवाद बहुधा नंतरचा. एकाच परिच्छेदातले एक वाक्य टिकते आणि दुसरे गळते, ते असे.

मात्र ही ‘अडचणीची कसोटी’ जपून वापरा. पुढच्यांना अडचणीचे वाटले ते मार्कलाही वाटत होते, असे नाही. आणि साक्षीदार मोजताना फसू नका. मार्कचा बहुतेक सगळा मजकूर मत्तयमध्ये पुन्हा येतो, अनेकदा ग्रीक शब्दांसकट. दोघे लिहितात म्हणून साक्षीदार दोन होत नाहीत. एकच बातमी दोन वर्तमानपत्रांनी उचलली, असा तो प्रकार.

पायरी ५ : बाहेरचे साक्षीदार

हे थोडे आहेत, त्यामुळे प्रत्येकाची उलटतपासणी घेता येते. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६ च्या सुमारास लिहितो की तिबेरियसच्या काळात पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. त्याला ख्रिस्ती मंडळींचा तिटकारा आहे, त्यामुळे तो त्यांची भलामण करत नाही हे नक्की. पण माहिती कुठून घेतली ते तो सांगत नाही. रोमन सुभेदार प्लिनी इ.स. ११२ च्या सुमाराला सम्राट ट्राजनला लिहितो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्रे म्हणतात. ती साक्ष पंथाबद्दलची आहे, येशूच्या आयुष्याबद्दलची नाही.

जोसेफस सर्वांत उपयोगाचा आणि सर्वांत भेसळ झालेला. त्याच्या इ.स. ९३ च्या ग्रंथात १८ व्या भागात येशूवर एक परिच्छेद आहे आणि त्यात ‘तो ख्रिस्त होता’ असे वाक्य आहे. शेवटपर्यंत यहुदी राहिलेला माणूस असे लिहील का? शिवाय तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विद्वान ओरिजेन सांगतो की जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. निदान काही वाक्ये नंतर कोणा ख्रिस्ती लेखनिकाने घातली, यावर बहुतेकांचे एकमत आहे. उलट २० व्या भागातला ओझरता उल्लेख, ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब’, बहुतेक अभ्यासक अस्सल मानतात. गलतीकरांस पत्रातला याकोब तो हाच.

योहान बाप्तिस्मा देणाऱ्याबद्दलही जोसेफस लिहितो, आणि तिथे तुलना रंगते. गालीलचा शासक हेरोद अंतिपाने योहानाला मारले हे मार्क आणि जोसेफस दोघांनाही मान्य. मार्क म्हणतो, हेरोदाची बायको हेरोदिया हिचा राग, तिच्या मुलीचे नाचणे आणि तबकातले शिर. जोसेफस म्हणतो, लोक योहानाच्या मागे फार जाऊ लागले, बंड होईल या धास्तीने मारले. हेरोदियाचा पहिला नवरा मार्कच्या मते फिलिप्प, जोसेफसच्या मते दुसरा एक हेरोद. गाभा जुळतो, दरबारातली दृश्ये जुळत नाहीत. लोककथा जिथे शिरते ती जागा साधारण हीच असते.

पायरी ६ : दगड काय सांगतो, काय नाही

इस्राएलमधल्या कैसरियात १९६१ मध्ये पिलाताचे नाव कोरलेला दगड सापडला. त्यावर त्याचा हुद्दा ‘प्रीफेक्ट’ आहे; टॅसिटसने लिहिलेला ‘प्रोक्युरेटर’ हा हुद्दा त्या जागेवर पुढच्या काळात आला. रोमन इतिहासकारही असा चुकतो, हे लक्षात असू द्या. यरुशलेमजवळ १९६८ मध्ये वधस्तंभावर दिलेल्या एका माणसाचे टाचेचे हाड खिळ्यासकट मिळाले, एका कुटुंबाच्या कबरीत. म्हणजे अशा माणसाला रीतसर मूठमाती मिळणे अशक्य नव्हते. येशूला ती मिळाली का, ते या हाडावरून ठरत नाही.

नाव खरे निघाले म्हणून गोष्ट खरी ठरत नाही, याचे नमुनेदार उदाहरण आपल्याच उपखंडात आहे. तिसऱ्या शतकातला सीरियाई ग्रंथ ‘थोमाची कृत्ये’ सांगतो की प्रेषित थोमा सुतार म्हणून भारतात विकला गेला आणि राजा गुदनफरने महाल बांधायला दिलेला पैसा त्याने गरिबांना वाटला. हा राजा काल्पनिकच समजला जाई. एकोणिसाव्या शतकात गोंदोफर्नेस, म्हणजे हाच गुदनफर, याची नाणी पंजाब-अफगाणिस्तानात सापडू लागली, आणि तख्त-इ-बाहीचा शिलालेखही मिळाला. राजा खरा, काळही पहिल्या शतकाचा. पण त्याच ग्रंथात गाढवे बोलतात. आपल्या कल्याणबद्दलही हीच सावधगिरी हवी. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मास ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो, आणि ते बहुधा कल्याणच. त्यावरून सहाव्या शतकात इथे ख्रिस्ती वस्ती होती एवढे म्हणता येते. त्यावर पहिल्या शतकाचा प्रेषित उभा करता येत नाही.

पायरी ७ : न जुळणारे जुळवू नका

मत्तयप्रमाणे येशू जन्मला तेव्हा यहूदियाचा राजा थोरला हेरोद जिवंत होता, तो इ.स.पू. ४ मध्ये वारला असे बहुतेक मानतात. लूकप्रमाणे जन्म क्विरीनिय सूरियाचा सुभेदार असतानाच्या नावनिशीच्या (शिरगणतीच्या) वेळचा. जोसेफसप्रमाणे ती नावनिशी इ.स. ६ ची. मध्ये दहाएक वर्षांची दरी. क्विरीनिय आधीही एकदा सुभेदार असेल, ‘पहिली’ या शब्दाचा अर्थ ‘आधीची’ असेल, असे सांधे जोडायचे प्रयत्न पुष्कळ झाले. मला ते पटत नाहीत, कारण दरी बुजवण्यापलीकडे त्यांना दुसरा आधार नाही. लूक चुकला म्हणावे आणि पुढे जावे. दोघेही जन्म बेथलेहेमलाच ठेवतात, पण तिथे पोहोचण्याच्या वाटा इतक्या वेगळ्या आहेत की ‘नासरेथचा माणूस बेथलेहेमला जन्मला’ हे दाखवण्याची गरज आधी होती आणि कथा मागून आल्या, असे वाटू लागते.

पायरी ८ : व्हॉट्सअ‍ॅपवरचे शोध

२०१२ मध्ये ‘येशूची बायको’ असा उल्लेख असलेला पपायरस गाजला. २०१६ मध्ये तो जगापुढे आणणाऱ्या हार्वर्डच्या प्राध्यापिकेनेच तो बहुधा बनावट असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी, २०१२ मध्येच, ‘पहिल्या शतकातला मार्क सापडला’ अशी बातमी उठली होती. २०१८ मध्ये तो तुकडा प्रसिद्ध झाला तेव्हा काळ निघाला दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याची सुरुवात. एक खोटे चर्चला छळणाऱ्यांना हवे होते, दुसरी अतिशयोक्ती चर्चवाल्यांना. कोणताही नवा तुकडा दिसला की पहिला प्रश्न एकच विचारा : उत्खननात निघाला की बाजारात?

पायरी ९ : चमत्कार आणि वहीतले रकाने

करिंथकरांस पहिले पत्र १५:३-८ मध्ये पौल म्हणतो, मला जे मिळाले तेच मी तुम्हांला दिले : ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठला, केफाला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेंहून अधिक बंधूंना, याकोबाला, शेवटी मला. म्हणजे तो लिहितो त्याच्याही आधी ही यादी ठरलेली होती. तो आम्हांला दिसला असे लोक फार लवकर सांगू लागले, हे इतिहासाला म्हणता येते. काय दिसले, ते इतिहासाच्या हत्यारांनी मोजता येत नाही. फक्त नियम एकच ठेवा. तुकोबांच्या वैकुंठगमनाला एक माप आणि पुनरुत्थानाला दुसरे, असे नको. मग तुमचा कल कुठेही असो.

वहीत चार रकाने पाडा : पक्के, बहुधा, सांगता येत नाही, बहुधा नंतरचे. माझ्या वहीत पिलाताच्या हुकमाने वधस्तंभ पहिल्या रकान्यात आहे, भाऊ याकोब आणि योहानाकडचा बाप्तिस्माही तिथेच. येशूने मंदिरात केलेला दंगा आणि बारा शिष्यांची निवड दुसऱ्यात. रिकामी कबर तिसऱ्यात. नावनिशी आणि मार्क १६:९-२० चौथ्यात. तुमचे रकाने वेगळे भरतील, हरकत नाही. शेजारी कारण लिहिलेले असले म्हणजे झाले.

पहिला सराव म्हणून मार्क २:२६ घ्या. तिथे येशू म्हणतो की दावीदाने समर्पित भाकरी खाल्ल्या तेव्हा अब्याथार महायाजक होता. आता १ शमुवेल २१ उघडून त्या वेळचा याजक कोण ते पाहा, आणि मग मत्तय १२:४ व लूक ६:४ मध्ये अब्याथार सापडतो का ते शोधा. लाल पेन्सिल हाताशी असू द्या.